श्रीकाराखालच्या तीन ओळी

आमच्या रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर पायथन उघडलं की आधी ‘॥ श्री ॥’ उमटे, मग ‘सुस्वागतम्’, मग आमच्या साहेबांचं पदव्यांसकट पूर्ण नाव. एवढं झाल्यावर बेरीज करायची परवानगी मिळे. पायथन ही संगणकाची भाषा; ती सुरू होताना आपोआप वाचली जाणारी फाइल साहेबांनी स्वतः लिहिली होती. दसऱ्याला त्या संगणकाला झेंडूची माळ पडे, आणि हळदकुंकू लागलेल्या वस्तूच्या आत कोणी डोकावत नसे. मला मात्र फार तोरणं लावलेल्या दाराच्या कडीकोयंड्याची शंका येते.

वरंधहून मोटरसायकलवर येणाऱ्या आमच्या ऑपरेटरने तयार मालाची एक बॅच नापास केली. अशुद्धीची मर्यादा ०.५० टक्के, त्याने कॅल्क्युलेटरवर हिशेब करून वहीत ०.५०४ लिहिलं होतं. साहेबांनी तेच आकडे संगणकात घातले. उत्तर आलं ०.५०.

“बघ, बसतंय ना? माल अडवलास कशाला?”

“साहेब, माझ्या वहीत शेवटी चार हाय.”

“तुझी वही संगणकापेक्षा शहाणी काय रे?”

“शहाणी नाय साहेब. पण माळ न घालता चालते.”

साहेबांनी मेमो टाइप केला. त्याचा हा तिसरा. तिसऱ्यानंतर नोकरी राहत नाही.

साहेब चहाला गेले तसा मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि संगणकालाच विचारलं: हे उत्तर ०.५०पेक्षा मोठं आहे का? तो म्हणाला, हो. स्वतःच ०.५० दाखवतो आणि स्वतःच जास्त म्हणतो! फाइल उघडली. श्री, स्वागत, नाव. आणि त्याखाली तीन ओळींत आज्ञा, की प्रत्येक उत्तर दशांशाच्या दोनच घरांपर्यंत दाखवावं. शेजारी टीप: ‘नीटनेटके दिसावे म्हणून.’

साहेब परतल्यावर मी त्यांना ते दाखवलं.

“सोयीसाठी केलं होतं,” ते म्हणाले.

“कोणाच्या?” ऑपरेटरने विचारलं. मला ते धाडस झालं नसतं.

बॅच परत शुद्धीकरणाला गेली. तीन ओळी मी पुसल्या. श्री आणि नाव राहू दिलं, कारण मलाही नोकरी करायची आहे. मेमो मात्र साहेबांनी फाडला नाही, ड्रॉवरमध्ये सरकवला.

“सर, आता सगळं दाखवतो का हा?” ऑपरेटर अधूनमधून विचारतो.

“दाखवतो.”

तो मान हलवतो आणि कॅल्क्युलेटर काढतो. मीही साहेब जागेवर नसले की ड्रॉवर उघडून बघतो. मेमो तिथेच आहे. त्यावर तारीख अजून घातलेली नाही.