स्टार्टरची पेटी खिडकीपेक्षा उंच

मंडळी, सुट्यांमध्ये राहायला नदीकाठी फ्लॅट घ्यावा म्हणून आज सकाळी मेहकरले पैनगंगेच्या काठावर गेलो होतो. तळमजला, समोरच नदी. एजंट म्हणाला, "सर, संध्याकाळपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरा घेते."

मी चेकबुक काढलं. बायको मात्र बाजूच्या शेतातल्या मोटारपंपाकडे पाहत होती. त्याच्या स्टार्टरची पेटी खांबावर होती, आमच्या खिडकीपेक्षाही उंच.

"भाऊ, पेटी इतकी वर काऊन बसवली?" तिनं तिथल्या शेतकऱ्याले विचारलं.

"पुराचं पाणी लागू नये म्हणून, ताई."

"जुनी गोष्ट आहे ते, सर," एजंट घाईनं म्हणाला. पण खांब नवा कोरा होता.

आता टोकनसाठी एजंटचा तिसऱ्यांदा फोन वाजून राह्यला. तुम्ही असता तर उचलला असता?