जांभळीखालचा धोंडा

वारणेच्या वरच्या खोऱ्यात कोंडवडी नावाची तीस-चाळीस उंबऱ्यांची वाडी होती. जंगल राखायचं म्हणून ती उठवली, तेव्हा सोपान ऐन तिशीत होता. शिराळ्याच्या खाली जमीन मिळाली, पत्र्याची घरं उभी राहिली. पण त्या सपाट काळ्या रानात सोपानचं मन काही लागेना. जंगलात कामाला माणसं घेताहेत असं कळलं, तसा तो परत आपल्याच खोऱ्यात गेला. या खेपेला खाकी शर्ट घालून.

निघताना त्याची बायको लक्ष्मीबाई एवढंच म्हणाली, "जाताय तर मायाकडं बगत जावा."

माया ही त्यांची पहिली लेक. रांगती असतानाच एका आषाढात ती तापानं फणफणली. दवाखाना ओढ्यापलीकडं आणि ओढ्याला लोंढा. पाणी उतरायची वाट बघता बघता पोर आईच्या मांडीवर गेली. घरामागच्या जांभळीखाली तिला पुरलं आणि वर एक चपटा काळा धोंडा ठेवला. त्यावर ना नाव, ना खूण. पुरताना हजर असलेली म्हातारी माणसं गेली, तसं तो धोंडा कशाचा हे ठाऊक असणारी ही दोघंच उरली.

माणूस हलला की रान आपसूक उभं राहील, असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. शेतांचे बांध फुटले, माती वाहून गेली, कुरणावर रानमोडीचं तण माजलं. कधी काळी लोंढ्यानं वाट अडवणारा तो ओढा माघातच कोरडा पडायला लागला. सांबरं पाण्यासाठी खालच्या गावांत उतरायची आणि कुत्र्यांच्या तोंडी पडायची. असं एक फाडलेलं पाडस सोपाननं खांद्यावरून आणलं होतं. त्या रात्री त्याला भाकर गेली नाही.

ओढ्यावर ठिकठिकाणी दगड रचून पाणी अडवायचं ठरलं. दगड हाताशी होतेच: वाडीच्या पडक्या घरांच्या जोत्यांचे. पण मुकादम जोतीराम कचरला. तोही वाडीचाच. "लोकं अंगावर येतील गड्या," तो म्हणाला.

"मी बोलतो लोकांशी," सोपान म्हणाला.

आणि तो घरोघर फिरला. म्हाताऱ्या हरणाबाईनं त्याला दारातच धरलं. "माजी चूल व्हती रं तितं! तुजी जीभ तरी कशी रेटती?"

"आत्ती, घर तर गेलंच. दगुड नुसतं पडून ऱ्हाण्यापरास पानी तरी धरत्याल. पैला माज्या घराचा काडतो, मग तुज्या."

हरणाबाई पदरात तोंड घालून रडली आणि मग हो म्हणाली. तिच्यामागं सगळी वाडी हो म्हणाली.

बोलल्याप्रमाणे पहिली पहार सोपानच्या घराला लागली. जांभळीखालचा धोंडा तेवढा सोडा, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण भोवती सगळी आपलीच माणसं, आपापल्या घराचे दगड उचलायला आलेली. आपलाच एक कसा वगळायचा? संध्याकाळी जोतीरामला एकट्याला गाठून सांगू, असं त्यानं ठरवलं. तेवढ्यात वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, रानमोडी उपटायला माणसं कमी पडली म्हणून त्याला तिकडं धाडलं.

परत आला तेव्हा जांभळीखाली नुसती ओली माती होती.

"घरामागं एक झकास चपटा धोंडा घावला," जोतीराम खुशीत म्हणाला. "बांधाच्या पायातच घातला बग."

सोपान म्हणाला, "बरं केलंस."

घरी मात्र त्यानं काहीच सांगितलं नाही. सुट्टीला आला की लक्ष्मीबाई ताट वाढता वाढता विचारायची, "मायाकडं गेलावता?" आणि तो मान न उचलता "व्हय" म्हणायचा. अशी वर्षं गेली. दगडांमागं गाळ साठला, पाणी आधी फाल्गुनापर्यंत टिकलं, मग वैशाखापर्यंत. कुरणावर गव्यांचे कळप दिसायला लागले. ओढ्याच्या वाळूत पाणमांजराची पावलं उमटली, तेव्हा जंगलखात्याच्या साहेबांनी सोपानच्या पाठीवर थाप मारली.

गेल्या उन्हाळ्यात वाडीच्या जुन्या माणसांना गाडीनं खोरं दाखवायला नेलं. लक्ष्मीबाई नवं लुगडं नेसून आली. गाडीतून उतरली ती कुणाला न विचारता थेट जांभळीकडं गेली. सोपान मागोमाग.

"धोंडा कुटं हाय?" तिनं विचारलं.

त्यानं खाली ओढ्याकडं हात केला. "त्या बांधात. पायाला हाय. मी सांगनार व्हतो, पर..."

लक्ष्मीबाई सावकाश उतारानं खाली गेली. बांधाशी बसून तिनं शेवाळलेल्या दगडांवरून हात फिरवला. कुठला ते कळायला मार्ग नव्हता. वरची माणसं हरखून पाणी बघत होती; हरणाबाई तर नातीला सांगत होती, "ह्यात माज्या घराचं दगुड हायती बरं का!"

परतीच्या वाटेवर, शिराळा जवळ आल्यावर लक्ष्मीबाई बोलली. आवाजात राग नव्हता.

"पान्यापायी गेली माजी लेक. तिचा धोंडा पानी धराय लागतोय म्हनला असता, तर मी व्हय म्हनलं असतं. साऱ्या गावाला इचारलंसा. मलाच तेवढं न्हाई."



सोपान अजून त्या कामावर आहे. पावसाळा सरला की निसटलेले दगड पुन्हा रचतो. सुट्टीला घरी येतो, तेव्हा लक्ष्मीबाई ताट वाढते, पाणी ठेवते आणि काही विचारत नाही.