पट्टी आणि सूर यांच्यामधला उशीर

डिजिटल पियानो मी अकोल्यातल्या एका कुटुंबाकडून घेतला. त्यांची मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली होती आणि घरच्यांना तिची खोली मोकळी हवी होती. मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत संगीत शिकवत होते, आजही शिकवते. माझं वाद्य मुळात पेटी. तेल्हाऱ्याजवळ आमच्या गावी वडील झेंडू आणि शेवंती लावत. सकाळची फुलतोड आटोपली की शाळेची वेळ होईपर्यंत मी पेटीवर बसत असे. पियानोचं मला कधी वेड नव्हतं. तो घरात आला तो संतूरपायी.

अकोल्यात माझी एक मैत्रीण कथक शिकवते. तिच्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम ठरला होता आणि मुलींनी रेकॉर्ड लावून नाचू नये, समोर माणसं वाजवताना दिसावीत, असा तिचा हट्ट होता. काही नाचांना तिला संतूर हवं होतं. संतूर वाजवणारं माणूस आमच्या भागात शोधून सापडेना. शेवटी तीच म्हणाली, "लॅपटॉपमधे सॉफ्टवेअर टाक, त्याला पियानो जोड. तू पट्टी दाबायची, संतूर वाजतं." मला ते पटलं. बोटं माझीच राहणार होती, आवाज तेवढा उसना.

तबल्याला काका असणार हे सांगायलाही लागलं नाही. ते माझे नात्यातले काका नव्हेत. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. आयुष्यभर एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि ड्यूटी संपली की तबला. मी नोकरीसाठी अमरावतीत आले तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला तेच माझ्याबरोबर बसत आले आहेत. आदल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला होता. तोंड लवकर सरळ झालं, उजव्या हाताला मात्र वेळ लागला. महिनोन् महिने रबरी चेंडू दाबून त्यांनी तो हात परत मिळवला होता, आणि या कार्यक्रमाच्या चार महिने आधी पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले होते.

पहिली तालीम आमच्या बैठकीत, दुपारी चारला. लॅपटॉप टेबलावर, पियानो त्याच्या शेजारी, आवाजासाठी बिनवायरचा छोटा स्पीकर. मी तीनतालातला लेहरा धरला. कथकला लेहरा म्हणजे एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहणं, जिच्या आधारानं नाचणारी आणि तबलजी दोघंही मात्रा मोजतात. तो हलला की सगळं हललं. आठदहा आवर्तनं झाली आणि लय खाली बसली. आपोआप, जणू कुणी मागून ओढतंय.

काका थांबले. "काय वं, मी मांगं पडून राह्यलो का?"

"नाई काका. पुन्हा घेऊ."

पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. माझं बोट समेवर बरोबर पडत होतं, हे मला बोटात कळत होतं, पण संतूर बोटाच्या मागून येत होतं. फार नाही, अगदी किंचित. काका संतूर ऐकून ठेका धरत, मी त्यांचा ठेका ऐकून पुढची पट्टी दाबत असे, आणि दर आवर्तनाला आम्ही दोघं मिळून थोडंथोडं मागे सरकत होतो.

हे मला आज इतकं स्वच्छ सांगता येतं. काकांना त्या वेळी एकच गोष्ट दिसत होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि तबल्यावर गवसणी चढवली.

"दुसरं कोनी पाय," ते म्हणाले. "माहा हात आता पह्यलेसारखा नाई राह्यला."

मी पेटी काढली. "पाच मिनिटं बसा. निस्ती पेटी."

ते नाखुशीनंच बसले. तोच लेहरा, तीच लय. वीस आवर्तनं झाली तरी लय केसभर हलली नाही. मी आनंदानं त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांचा चेहरा तसाच.

"पेटीवर तू मले सांभाळून घेते," ते म्हणाले आणि घरी गेले.

मी त्यांना सांभाळून घेत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांचा ठेका मी इतका ऐकला आहे की तो चुकला तर मला झोपेतही कळेल. दोष यंत्रात होता याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण आपल्या हातावरचाच विश्वास उडालेल्या माणसाला माझ्या कानावर विश्वास ठेवा, असं सांगून काय होणार होतं?

लॅपटॉप ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला. तो हसला. "मॅडम, इतकासा उशीर कोनाले कळते? डोळ्याची पापनी लवते तेवढा बी नसन."

"मले कळते," मी म्हणाले. त्यानं नवा लॅपटॉप सुचवला. मी फोन ठेवला.

मग एक उपाय सुचला. स्पीकर जवळ घेतला, पियानोचा स्वतःचा आवाज तेवढ्यापुरता उतरवला, मोबाइल पट्ट्यांच्या शेजारी ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एक पट्टी जोरात दाबली. आधी प्लॅस्टिकचा टक असा आवाज, मग संतूरचा टणत्कार. मोबाइलवर आवाजाची रेघ दिसते, त्या रेघेवर दोन उंचवटे आले आणि त्यांच्यामध्ये चांगली सपाट जागा. पेटीचंही तसंच रेकॉर्ड केलं. तिथं पट्टी आणि सूर एकमेकांना चिकटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे गेले. ते अंगणात स्कूटरचा कार्बोरेटर उघडून बसले होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला. मी त्यांना आधी पेटीची रेघ दाखवली, मग दुसरी.

"हे टक म्हंजे माहं बोट. अन् हे संतूर."

"अन् हे मधातलं?"

"मधात काईच नाई. मधात आपन दोघं वाट पाहून राह्यलो."

त्यांनी दोन बोटांनी ती रेघ मोठी केली, पुन्हा लहान केली. "म्हंजे क्लच दाबला इथं, अन् गिअर पडला तिथं."

"हो."

"मंग खेळ कुठं हाय? वायरीत, का अंदर?"

खेळ म्हणजे यंत्रातली ढील, जिथं जोड घट्ट बसलेला नसतो ती जागा. हा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मला वाटलं, आता जमलं. त्या दिवशी दुपारी ते तबला न घेताच आले. दुरुस्तीला आले.

पहिल्यांदा आम्ही स्पीकर तपासला. वायरींची गुंतागुंत नको म्हणून मी हौसेनं बिनवायरचा घेतला होता. त्याच्या जागी शाळेतला जुना, वायरचा स्पीकर लावून पुन्हा रेकॉर्ड केलं. मधली जागा एकदम निम्म्याच्या खाली आली. काकांनी गोळ्यांच्या रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते लिहून घेतलं.

मग सॉफ्टवेअर. त्याच्या सेटिंगमध्ये बफर नावाचा एक आकडा असतो. संगणक आवाज बनला तसा लगेच सोडत नाही, त्याचा थोडा साठा करतो आणि मग साठ्यासाठ्यानं सोडतो. साठा मोठा तर वाट पाहणं मोठं. आमचा आकडा एक हजार चोवीस होता. तो आधी निम्मा केला, मग पुन्हा निम्मा. प्रत्येक वेळी पट्टी दाबायची, रेघ पाहायची. एकशे अठ्ठावीसला संतूर बोटाला जवळजवळ येऊन टेकलं. हावरेपणानं मी चौसष्ट करून पाहिलं, तर तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी कडकड सुरू झाली.

"इंजिनाले दम लागून राह्यला," काका म्हणाले. "मांगं घे."

एकशे अठ्ठावीसलाही अधूनमधून कडकड होत होती. त्यासाठी आवाजाचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचं काम सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागला. त्याची माहिती मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा काकांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि वाचता वाचता मला कळली. इंटरनेट बंद केलं, मागे उघडे असलेले बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. कडकड गेली.

एवढं होऊनही काकांच्या कपाळावरची आठी जाईना. डोळे मिटून ते म्हणाले, "एक पट्टी दाब. पुन्हा दाब." मग म्हणाले, "दोन सूर वाजून राह्यले."

माझ्या कानाबद्दल मी एवढी खात्री बाळगून होते, आणि हे मला ऐकूच आलं नव्हतं. रेकॉर्डिंगपुरता उतरवलेला पियानोचा स्वतःचा आवाज मी पुन्हा चढवला होता. तो आधी येई आणि संतूर त्याच्या पाठोपाठ. मला तो सूर भरदार वाटत असे आणि आवडतही असे. काकांना मात्र दर मात्रेला दोन टोले ऐकू येत होते आणि त्यांतला कोणता धरावा हे कळत नव्हतं. पियानोच्या सेटिंगमध्ये शिरून मी त्याचा आवाज कायमचा बंद केला. आता फक्त संतूर उरलं.

काका घरी जाऊन तबला घेऊन आले. आम्ही बसलो. दहा आवर्तनं, वीस, तीस. मी मोजायचं सोडून दिलं. लय जिथं ठेवली होती तिथंच होती. थांबल्यावर काकांनी उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "चहा ठेव."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पियानो भाजीच्या टेम्पोतून अकोल्याला गेला. आम्ही दोघं एस.टी.नं गेलो, तबला काकांच्या मांडीवर. दुपारी सभागृहात तालीम सुरू झाली, आणि दुसऱ्याच आवर्तनाला लय सरकली.

मी लॅपटॉप पाहिला. आकडा एकशे अठ्ठावीस, वायर बरोबर, इंटरनेट बंद. मैत्रीण पाहत होती, मुली घुंगरू बांधून उभ्या होत्या. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ते उठले, रंगमंचाच्या पुढच्या कडेपर्यंत गेले, मला एक पट्टी दाबायला सांगितली, मान हलवली आणि परत आले.

"मशीन बरोबर हाय," ते म्हणाले. "आवाज तिकडून फिरून येऊन राह्यला."

स्पीकर पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवलेले. आम्ही मागे कोपऱ्यात. आमचाच सूर पलीकडच्या भिंतीला लागून आमच्याकडे परत येत होता. काकांनी साउंडवाल्याला बोलावलं. तो चाळिशीचा, कामाचा माणूस होता, पण घाईत होता.

"भाऊ, एक स्पीकर आमच्याजवळ ठेवा."

"काका, इथं ठेवला तर तबल्याचा माइक त्याचाच आवाज धरन अन् शिटी वाजन."

"तबल्याचा आवाज देऊच नका त्याच्यात. निस्तं हिचं संतूर द्या. मंग काहून शिटी वाजन?"

साउंडवाल्यानं एक स्पीकर उचलून आणला आणि काकांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर ठेवला. आठवडाभरापूर्वी हेच काका तबल्यावर गवसणी चढवून निघून गेले होते. मी लेहरा धरला. या वेळी तो हलला नाही.

कार्यक्रम चांगला झाला. मुली सुंदर नाचल्या. शेवटच्या नाचात, द्रुत लयीत, काकांचा एक बोल किंचित उशिरा पडला. नाचणारी मुलगी तयारीची होती, तिनं सम सोडली नाही, आणि लोकांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

रात्री आम्ही मैत्रिणीकडेच राहिलो आणि सकाळच्या गाडीनं परत निघालो. त्या एका बोलाचं काय सांगायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. मूर्तिजापूरला गाडी थांबली, आम्ही खाली उतरून आलूबोंडा घेतला, आणि मी विषय काढला.

"काका, त्या लास्टच्या डान्सले लॅपटॉपनं जरा..."

"नाई," ते म्हणाले. "ते माहं होतं. बोट थकलं होतं."

त्यांच्या आवाजात ना खंत होती, ना लपवाछपवी. एखाद्या गाडीचं काय दुखतंय ते सांगावं तसं सांगितलं. खोटं बोलायला निघाल्याची मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं. आलूबोंडा संपवून त्यांनी कागदाला हात पुसले.

"द्रुत रोज थोडी थोडी वाढवा लागन," ते म्हणाले. "मले दोन महिने दे."

गाडी सुटली. खिडकीबाहेर कपाशीची काळी शेतं मागे जात होती. बडनेरा येईपर्यंत त्यांचा उजवा हात पुढच्या सीटच्या पाठीवर वाजत होता, आधी सावकाश, मग थोडा जलद, मग पुन्हा सावकाश. शेजारच्या बाईनं एकदा वळून पाहिलं. त्यांनी वाजवणं थांबवलं नाही.