वेनेताची काळी फीत

आमच्या रूसे शहरात ट्रॉलीबसवर तिकिटं फाडणाऱ्या बायका पुष्कळ होऊन गेल्या, पण लोकांच्या लक्षात राहिली ती वेनेता, आणि तीसुद्धा न हसण्याबद्दल. बाई काही खडूस नव्हती. घरी, मैत्रिणींत बसली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. पण कामावर असताना तिचा चेहरा देवाने दिला तसा असायचा: भुवया जड, ओठांचे कोपरे खाली झुकलेले. हाच चेहरा तिच्या वडिलांचा होता. ते बंदरावर मुकादम होते आणि लोक त्यांना भारदस्त म्हणत. तोच चेहरा मुलीला मिळाला तर तो आंबट झाला.

बंदरापासून स्टेशनापर्यंतच्या तिच्या गाडीत रोज कोणी ना कोणी तिला सुधारायला बसलेलं असे. "हस की जरा, कोण मेलंय का?" "एवढी देखणी बाई आणि तोंड बघा, वाया घालवलंय." मिसरूड न फुटलेली पोरं म्हणत, भाजीच्या पिशव्या घेतलेले बाप्ये म्हणत, एकदा तर एक पाद्री म्हणाला. सगळ्यांत नेमाचे होते ते चौकड्यांच्या टोपीवाले एक गृहस्थ. रोज सकाळी नाट्यगृहाच्या थांब्यावर चढायचे आणि तिकिटाला हात पुढे करताना म्हणायचे, "हस, मुली, दिवस उजाडलाय." त्यांचं नाव तिला ठाऊक नव्हतं आणि तिचं त्यांना. बोलून झालं की पोराला गोळी दिल्यासारखे खुशीत खिडकीशी बसायचे.

गाडी चालवणारा ज़्लात्को मात्र बारा महिने एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून बसलेला असे. त्याला आजवर कोणी हस म्हटलेलं नाही. म्हणेल कोण? गाडी चालवणाऱ्याने गाडी चालवली की झालं.

नोकरीला लागली तेव्हा वेनेता हसायची. म्हटलं, दोन ओठ ताणायला काय जातं. पण हसून सुटका होत नाही हे तिला लवकरच कळलं. हसली की "आता कशी गोड दिसतेस" येतं, त्यामागून "कुठे राहतेस" येतं, आणि एका हिवाळ्यात तर एकाचा हात तिच्या कमरेवर आला. तिने तो झटकला तेव्हा तोच तिला म्हणाला, "मग हसलीस कशाला?" त्या दिवसापासून तिने कामावर हसणं बंद केलं ते केलंच. पण बंद केल्यावर रोज आठ तास ऐकून घ्यावं लागायचं, आणि घरी येईतो तिचा जबडा दुखायला लागायचा.

उन्हाळ्यात तिची गावाकडची मावशी वारली. म्हातारी नव्वदीला टेकलेली होती, सुखाने गेली. वेनेताला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण जेवण सुटावं इतकं नाही. रिवाजाप्रमाणे तिने कामावरच्या कोटाच्या कॉलरला बोटभर काळी फीत टाचली आणि कामावर गेली.

त्या दिवशी गाडीत तिला कोणी काही बोललं नाही. पोरं चढली, तिच्या कॉलरकडे बघून गप्प झाली. टोपीवाल्यांनी तोंड उघडलं, फीत पाहिली, टोपी काढली आणि सुटे पैसे मोजून दिले. वेनेता थांब्यामागून थांबा वाट बघत राहिली की आता कोणीतरी म्हणेल. कोणी म्हणालं नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचा जबडा दुखत नव्हता, आणि याचा तिला फार आनंद झाला. मावशी गेल्याचा आनंद झाल्यासारखं वाटून तिला लाजही वाटली, पण आनंद काही गेला नाही.

चाळिसावा दिवस झाला. गावी जाऊन तिने थडग्यावर दारू शिंपडली, गहू वाटले. आता फीत काढायची. विधवा सोडून इतर कुणी मुदतीबाहेर काळं ठेवलं की ते घरात दुसरं मरण बोलावतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेनेतालाही होतं. तिने टाचणीला हात लावला, मग म्हणाली, उद्या काढू. उद्या आला आणि गेला. द्राक्षं संपली, लोणच्याचे कोबी बरण्यांत गेले, तरी कॉलरवर फीत होतीच.

मधे एकदा बाजाराच्या थांब्यावर चढलेल्या एका बाईने कळवळून विचारलं, "कोण गेलं गं तुझं?"

"घरातलंच माणूस," वेनेता म्हणाली. मावशी म्हणाली असती तर मुदत कधीच संपली हे उघड झालं असतं.

घरातलं माणूस! वेनेताच्या घरात माणसं ती किती? ती, तिची सासू केरा, आणि नवरा ग्रोझ्दान. तो जर्मनीत इमारतींना गिलावा करायच्या कामावर होता आणि ईस्टरनंतर इकडे फिरकलाच नव्हता. लोकांनी हिशेब केला. एकीने दुसरीला सांगितलं की परांचीवरून पडला. दुसरीने तिसरीला सांगितलं की शव आणायला पैसे नव्हते म्हणून तिकडेच पुरला. आणि एका गुरुवारी दुपारी खालच्या मजल्यावरची राद्का साखर घातलेले उकडलेले गहू आणि चार कार्नेशन घेऊन केराबाईंच्या दारात उभी राहिली.

जिवंत माणसाच्या घरी कोणी चार फुलं नेत नाही. तीन नेतात, पाच नेतात; जोडीची फुलं मेलेल्याला. केराबाईंनी फुलं मोजली आणि पुन्हा एकदा मोजली.

"देव त्याला क्षमा करो," राद्का डोळे पुसत म्हणाली. "आम्हाला कळवायचं तरी. परके का आम्ही?"

"कुणाला क्षमा करो?"

"ग्रोझ्दानला."

केराबाईंनी अभद्र टळावं म्हणून कानाची पाळी ओढली, दाराच्या लाकडावर तीनदा टकटक केली, आणि राद्काला तशीच उभी ठेवून फोनकडे धावल्या. तिकडे घंटा वाजत राहिली. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला.

"आई, मी जेवतोय," ग्रोझ्दान म्हणाला.

"काय जेवतोयस?"

"बटाटे. का?"

मेलेला माणूस बटाटे खात नाही एवढी खात्री झाल्यावर म्हातारीने फोन ठेवला, राद्काला गव्हांसकट खाली पाठवलं, आणि सून यायची वाट बघत स्वयंपाकघरात बसून राहिली.

वेनेता आली, कोट काढायला लागली. "काढू नकोस," सासू म्हणाली. "आधी मला ते कॉलरवरचं दाखव. माझा मुलगा मारलास तू आज. चार फुलं आली दारात."

वेनेताने ऐकून घेतलं. फितीपायी कुणाला असं काही ऐकावं लागेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "चुकलं माझं, आई," ती म्हणाली. "पण काढवत नाही हो."

"मावशीवर एवढा जीव होता?"

"मावशीचा संबंध नाही." मग तिने सगळं सांगितलं. हस म्हणणारे, कमरेवरचा हात, दुखणारा जबडा. "ही आहे तोवर मला कोणी काही म्हणत नाही. या चार महिन्यांत मी पहिल्यांदा माणसासारखी नोकरी केली. उद्या काढली की परवा ते सगळे सुरू होतील."

तिला वाटलं, आता म्हातारी म्हणणार, मग हसत जा, काय बिघडतं? सासू आजवर तेच म्हणत आलेली. पण केराबाई टेबलावरचे ब्रेडचे कण बोटाने गोळा करत बसल्या होत्या.

"तुझा सासरा जाऊन एकोणीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मी अजून काळ्यात आहे. का, माहीत आहे?"

"त्यांच्या आठवणीने."

"आठवणीने!" म्हातारी फिस्सकन हसली. "वर्षभर केलं ते आठवणीने. तो बरा माणूस होता. पुढची अठरा मी आपली स्वतःसाठी काढली. मी बाजारात अंडी विकायचे ना, तिथेही हेच. बाई, दात दाखव, मग अंडी घेतो. काळा रुमाल बांधला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. मी म्हटलं, राहू दे."

या बाईबरोबर वेनेता इतकी वर्षं एका चुलीवर राहत होती आणि हे तिला आज कळत होतं. "मग बरं गेलं ना?" तिने विचारलं.

"शांत गेलं. बरं म्हणजे..." केराबाईंनी कण मुठीत घेतले. "लग्नाला गेलं की होरो सुरू होतो. सगळ्या हात धरून नाचायला उठतात. काळ्यातल्या बाईला कोण हात देणार? मी भिंतीशी बसते आणि सगळ्यांच्या पिशव्या सांभाळते. तुझ्या लग्नातसुद्धा. माझ्याइतका पाय तेव्हा गावात कुणाचा उठत नव्हता गं. अठरा वर्षं पिशव्या सांभाळल्या मी."

वेनेताला सासूची दया आली आणि पाठोपाठ रागही आला. सासूचा नव्हे, त्या अंडी घेणाऱ्यांचा, पाद्र्याचा, सगळ्यांचा. ऐकून घ्यायचं नसेल तर बाईने घरातलं कुणीतरी मेलेलं दाखवायचं, हा कुठला न्याय? मेलेल्याच्या आडून किती दिवस जगायचं? तिने टाचणी उपसली.

"मला पिशव्या सांभाळायच्या नाहीत, आई."

"ते पुन्हा सुरू होतील हं."

"होऊ देत. मी तोंडाने सांगेन."

केराबाईंनी फीत घेतली आणि रिवाजाप्रमाणे चुलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, गाडी खचाखच भरलेली. वेनेताला सारखं वाटत होतं की सगळे कॉलरकडेच बघतायत. बघतच होते. नाट्यगृहाच्या थांब्यावर टोपीवाले चढले, थबकले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"संपला का दुखवटा? बरं झालं. आता तरी हस, मुली."

जुन्या सवयीने तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिने तो जागच्या जागी आवरला.

"नाही हसत," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "मी नाही हसणार, काका. आजही नाही आणि उद्याही नाही. मला हस म्हणत जाऊ नका."

ज़्लात्कोने आरशातून मागे पाहिलं आणि दार बंद करायचं थांबवलं.

"अगं, मी चांगल्यासाठी म्हणतो."

"कुणाच्या?"

टोपीवाल्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. "म्हणजे... माणसाचा दिवस बरा जातो," ते म्हणाले.

"माझा बरा चाललाय."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी त्यांच्या बाजूने बोललं नाही, तिच्याही नाही. ते पुढे झुकले आणि हलकेच, खरोखरच्या काळजीने त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी पुन्हा कुणी गेलं का गं?"

"कुणी नाही गेलेलं. घरी सगळे जिवंत आहेत. माझा चेहराच असा आहे," वेनेता म्हणाली. "तिकीट."

त्यांनी नाणं दिलं. तिने तिकीट फाडून हातात ठेवलं, तरी ते तसेच उभे राहून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तीही बघत राहिली, आहे त्या चेहऱ्याने. शेवटी त्यांनीच नजर वळवली, आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.