सुनंदाचं मत

माझी बायको शिकायला इंग्लंडला निघाली तेव्हा हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावातली अर्धी माणसं म्हणाली, ही काही परत येत न्हाई.

ती परत आली.

आणि मग कायमची गेली. आज वर्ष झालं.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सुनंदा सरकारी दवाखान्यात नर्स होती. माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. घरात आमची ओवी आणि माझी माय.

सुनंदाला पब्लिक हेल्थ शिकायचं होतं. स्कॉलरशिप मिळाली, ॲडमिशन मिळालं, पण अट होती. आधी तिथला इंग्रजीचा कोर्स करायचा. पास झाली तरच युनिव्हर्सिटीत प्रवेश, नाहीतर घरी परत.

आम्हाला वाटलं, इंग्रजी तर तिला येतंच. गावातले निम्मे लोक रिपोर्ट तिच्याकडून वाचून घ्यायचे.

तिथलं इंग्रजी वेगळंच निघालं.

पहिला निबंध तिनं आपल्या पद्धतीनं लिहिला. पुस्तकं समोर ठेवली, चांगली चांगली वाक्यं उचलली, सुबक जुळवली. आपल्याकडं गाईडातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पैकीच्या पैकी मार्क.

तिथं मॅडमनं बोलावून घेतलं. दुसऱ्याचं वाक्य त्याचं नाव न सांगता घेणं म्हणजे चोरी. पुन्हा झालं तर कोर्समधून काढतील.

व्हिडिओ कॉलवर तिचे डोळे सुजलेले दिसत होते.

"मला चोर म्हणल्यासारखं झालं ओ. मी येऊन राहिले परत."

मायनं माझ्या हातातून फोन घेतला.

"काहून येतीस?"

"आत्याबाई, मला जमून न्हाई राहिलं."

"आन् तुझं लेकरू मला जमतं का? रोज केस विंचरू देत न्हाई. तरी जमवून राहिले. तू बी जमव."

सुनंदा रडता रडता हसली. आणि राहिली.

मग मॅडमनं तिला एक पद्धत शिकवली. वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि काय कळलं ते आपल्या शब्दांत कुणाला तरी सांगायचं.

सांगणार कुणाला? मला!

माझी दुपार म्हणजे तिची सकाळ. क्लासला जायच्या आधी ती फोन करायची. काउंटरवर फोन उभा करून मी काम करायचो आणि ती बोलायची. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. इंग्रजी मला ओ का ठो कळायचं नाही. मी नुसता हं हं करायचो.

एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी काय म्हणून राहिल्या?"

"गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी काहून असतं, ते सांगून राहिली."

"मंग जरा आवाज वाढवा ना," म्हणत तो स्टूल ओढून बसला. त्याची सून पोटुशी होती.

पुढच्या निबंधावर मॅडमनं लिहिलं, हे सगळे लेखक काय म्हणतात ते समजलं. तुझं मत काय?

त्या दिवशी फोनवर तिचा आवाजच वेगळा होता.

"ओवीचे पप्पा, इथं मला मत विचारतात. शाळेत न्हाई, ट्रेनिंगला न्हाई, ड्युटीवर तर न्हाईच. मला कुणी विचारलंच नव्हतं आजवर."

वर्गात बरेच दिवस ती गप्पच बसायची. सुदानचे, व्हिएतनामचे विद्यार्थी बोलायचे, ही मान हलवायची. मग एकदा चर्चा बाळंतपणावर आली, आणि ती बोलली. जीपमधून आणलेल्या बाईची, वाटेतल्या खड्ड्यांची, दवाखान्याच्या दारातच झालेल्या बाळंतपणाची गोष्ट. तोडकंमोडकं, पण बोलली.

"सगळे ऐकत होते ओ. मग एकीनं प्रश्न विचारला. आणि मला उत्तर येत होतं."

ती पास झाली. मायनं गल्लीत साखर वाटली.

डिग्री घेऊन आल्यावर ती पुन्हा ड्युटीवर रुजू झाली. दर रविवारी हिंगोलीला, बुद्धविहाराच्या हॉलमध्ये, बाहेर शिकायला निघालेल्या पोरापोरींना शिकवू लागली. माझ्यासारखं रडायला नको कुणाला, म्हणायची.

मग डोकं दुखायला लागलं.

नांदेडला दाखवलं. तिथून हैदराबाद. मेंदूत गाठ.

ऑपरेशनच्या आधी तिनं डॉक्टरांना इंग्रजीत सगळं विचारून घेतलं. मी बाजूला उभा. एवढ्या मोठ्या दवाखान्यात माझी बायको डॉक्टरांशी बराबरीनं बोलत होती. त्या भीतीतही मला तिचा अभिमान वाटला.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी इंग्रजीतच विचारलं, कसं वाटतंय.

तिनं माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणून राहिले ते?"

इंग्रजी गेलं होतं. मराठी राहिली होती, तीही अडखळत.

घरी आणल्यावर एकदा म्हणाली, "इतकं शिकले, ते कुठं गेलं ओ?"



तिची विद्यार्थिनी पूजा त्याच कोर्सला निघाली होती. जायच्या आधी भेटायला आली. सुनंदानं तिच्या हातातला निबंध घेतला, उलटसुलट केला, परत दिला. म्हणाली, "वाच."

पूजा इंग्रजीत वाचू लागली. सुनंदा डोळे मिटून पडली होती. एका ठिकाणी तिनं हात वर केला.

"पुन्हा."

पूजानं पुन्हा वाचलं, आणि स्वतःच थांबली. वाक्य फार लांब झालं होतं. तिनं ते तिथंच तोडलं.

सुनंदाला ते कळलं होतं, की तिनं नुसता सूर ऐकला होता, मला माहीत नाही. पूजा मात्र अंगणात येऊन खूप रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी, माय ओवीची वेणी घालत असताना, सुनंदा गेली. आवाज न करता.

आज घरी वंदना झाली. पाहुणे जेवून गेले. ओवीनं फोटोपुढची फुलं नीट केली आणि मला विचारलं,

"पप्पा, मम्मी विमानात बसायला भेली होती का?"

"लय भेली होती."

"तरी गेली?"

"तरी गेली, बेटा."

सुनंदा, आम्हा तिघांचा तुला जयभीम.