पाठमोरे चौघे

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने, सुरेशने, मला फसवलं. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधलं किराणा-मसाल्याचं दुकान आम्ही दोघांनी शून्यातून उभं केलं, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात त्याने जागेचा नवा मीटफरट्राग, म्हणजे भाडेकरार, गुपचूप एकट्याच्या नावावर करून घेतला. तेव्हापासून मी रोज सकाळी दत्तमहाराजांपुढे बसायचो खरा, पण ओठांवर स्तोत्र आणि डोक्यात वकिलाला पाठवायचं पत्र. बायको एकच विचारायची, "अहो, गणपतीला दादाला बोलवायचं ना?" मी म्हणायचो, "तो आला तर मी नाही."

गणपती उत्सवाच्या हॉलसाठी मी इटलीच्या सार्डिनिया बेटावरून आलेल्या म्हाताऱ्यांच्या क्लबात गेलो. सगळे केमिकल कारखान्यातून निवृत्त झालेले. मी घासाघीस सुरू केली: हॉलबरोबर स्वयंपाकघरही हवं. अध्यक्ष आजोबा "गेनाऊ, गेनाऊ" असं जर्मनमधून हो-हो करत मधेच उठले आणि आणखी तिघांबरोबर गोल करून उभे राहिले. चौघांची पाठ माझ्याकडे! सौद्यातली असली नाटकं मी खूप पाहिली आहेत. मी भडकलो, "गिऱ्हाइकाला पाठ दाखवता?" आजोबा हसले. "आल्झो, म्हणजे कसं, आमचं गाणं असंच. तोंडं एकमेकांकडे." आणि दंडाला धरून त्यांनी मला गोलात ओढलं.

एकाने सूर लावला, तसे बाकीच्या तिघांचे सूर त्याच्याखाली उभे राहिले. शेजारच्याचा खर्ज मला कानांनी नाही, खांद्यातून ऐकू आला आणि छातीत घुमला. घंटा थांबल्यावर गाभाऱ्यात जे उरतं, तसं काहीतरी. कित्येक दिवसांनी डोक्यातला वकील गप्प झाला. गाण्याचा शब्दही कळत नव्हता, पण महाराजांचं नाव आपसूक ओठांवर आलं आणि डोळे भरले.

मागाहून समजलं, खर्ज लावणारा आणि त्याच्या डावीकडचा सख्खे भाऊ. गावच्या कुरणावरून बोलणं बंद.

"मग एकत्र गाता कसे?"

"तिघांत हे गाणं होत नाही," आजोबा म्हणाले.

"म्हणजे माफ केलं?"

"छे! कोण माफ करतंय!"

यात चमत्कार होता असा माझा दावा नाही. पण मला ओढणारा हात एकट्या आजोबांचा होता, असंही मला आजवर वाटलेलं नाही. राग मला आवरत नव्हता, तो मी महाराजांच्या पायांशी ठेवला. हक्क मात्र तिथे ठेवलेला नाही. घरी येऊन मीच फोन लावला. "सुरेशराव, गणपतीला या. आरतीला माझ्या शेजारीच उभं राहायचं. आणि प्रसाद घेऊन झाला की करारावर माझं नाव का नाही, याचं उत्तर माझ्या डोळ्यांत बघून द्यायचं."