आई आधी जाऊन बघून आल्या

मागच्या रविवारी जपानहून अमेरिकेत, बॉथेलला घरी परत आलो. जेट लॅग उतरलेला नाही, बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात... पण हे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, नवरा अमोल आणि नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या सासूबाई, म्हणजे आई. अमोलच्या हौसेखातर दोन दिवस डोंगरातल्या एका र्योकानमध्ये राहिलो. र्योकान म्हणजे तिथलं जुन्या पद्धतीचं मुक्कामाचं घर.

दारातच चपला काढायच्या, गवताच्या चटयांवर बसून जेवायचं, झोपायला जमिनीवर गाद्या... आई एकदम खूश! "तुमच्या अमेरिकेतल्या हॉटेलांपेक्षा हे बरंय बाई."

मग मालकीणबाईंनी फोनवरच्या ट्रान्सलेटरवरून समजावलं, की खोलीत बाथरूम नाही. खाली गरम झऱ्याचं कुंड आहे, बायकांचं वेगळं. आधी बाजूला बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची आणि मग पाण्यात उतरायचं... अंगावर काहीही न घालता, सगळ्यांसोबत.

"अगं बाई!" आई एवढंच म्हणाल्या. त्या घरातसुद्धा आंघोळीला गेल्या की कडी दोनदा तपासतात.

माझं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी माझं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढावी लागली. तेव्हापासून कपडे बदलतानाही मी आरशाकडे पाठ करते.

"मला सर्दी झालीय," म्हटलं आणि ओल्या टॉवेलने अंग पुसून घेतलं. अमोलला कळलं असणार. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनीच काळजीने विचारलं, पाणी फार गरम वाटतं का? इतकी ओशाळले मी...

त्या संध्याकाळी जेवणाआधी आई कुठे दिसेनात. अर्ध्या तासाने आल्या त्या तिथला सुती झगा गुंडाळून. केस ओले, चेहरा लालबुंद.

"चल गौरी. मी जाऊन बघून आले. आत दोनच म्हाताऱ्या आहेत, डोळे मिटून बसल्यात. कोणी कोणाकडे बघत नाही."

"आई, तुम्ही... एकट्या गेलात?"

"मग? तुला न्यायच्या आधी बघायला नको?"

टॉवेल घेतला आणि गेले.

खाली बुटक्या स्टुलांवर बसलो. मी टॉवेल छातीशी घट्ट धरलेला. आईंनी माझी पाठ चोळून दिली आणि हळूच म्हणाल्या, "काढ आता तो."

काढला. तो व्रण त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांचा गुडघा नुकताच बदलला होता, त्यामुळे त्यांना येता आलं नव्हतं. रोज फोन करून फक्त "जेवलीस का?" विचारायच्या. खरं सांगते, मला तेव्हा ते फार कोरडं वाटायचं.

"दुखतं का अजून?"

"नाही, आई."

"तेव्हा यायला हवं होतं गं मी." एवढं बोलून त्या तोंडावर पाणी मारत राहिल्या... बराच वेळ.

मग एकमेकींचा हात धरून कुंडात उतरलो. समोरच्या एका आजींनी डोळे उघडले, किंचित मान लववली, सरकून जागा दिली आणि पुन्हा डोळे मिटले. बस्स, एवढंच! ज्याला मी दोन वर्षं घाबरत होते, ते एवढंच होतं.

आईंना समोर थँक यू म्हटलं की त्या विषय बदलतात. म्हणून त्यांना विचारून इथे लिहितेय, सकाळच्या चहासोबत त्या वाचतीलच...

आई, तुम्ही आलात. अगदी वेळेवर आलात.